जाळं दिसतं, मोरी दिसत नाही

ऑगस्ट उजाडला की सिएटलच्या आसपास राहणाऱ्या आम्हा हौशी गरवणाऱ्यांच्या फोनवर एक मजकूर फिरायला लागतो. मूळ इंग्रजी, कधी कुणीतरी त्याचं मराठीही करून टाकतं. सोबत नदीत आडव्या लावलेल्या जाळ्याचा फोटो. मजकूर थोडक्यात असा : "लोकसंख्येत एक-दोन टक्के असलेल्या आदिवासी जमातींना वॉशिंग्टन राज्यातला अर्धा सॅमन मिळतो. 1974 साली एका न्यायाधीशाने पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या कागदावर बोट ठेवून, निव्वळ वंशाच्या आधारावर तो त्यांना बहाल केला. ते नायलॉनची जाळी लावून नद्या रिकाम्या करतात आणि परवान्याचे पैसे भरणारे आपण काठावर बसतो. जाळी बंद करा, मासा परत येईल."

मी गेली बारा वर्षं परवाना काढतो. पहाटे चारला उठून, थर्मास भरून, पावसात नदीवर उभा राहतो आणि बहुतेक वेळा रिकाम्या हाताने परततो. त्यामुळे हा मजकूर पुढे पाठवणाऱ्यांची चीड मला परकी नाही. पण त्यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य चुकीचं आहे, आणि आपली मराठी मंडळी ते खरं मानून पुढे ढकलतात तेव्हा मला गप्प बसवत नाही.

आधी तो "अर्धा मासा". अर्धा कशाचा? समुद्रातून परत नदीत येणाऱ्या सगळ्या माशांचा नाही. पुढच्या पिढीसाठी अंडी घालायला जेवढे मासे वर पोचायलाच हवेत, तेवढे आधी बाजूला काढतात. उरतात ते पकडण्याजोगे, आणि वाटणी फक्त त्यांची होते. समजा, एका नदीत लाखभर सॅमन येणार आणि त्यातले सत्तर हजार वर जायला हवेत, तर वाटणी तीस हजारांची. पंधरा हजार जमातींचे, पंधरा हजार बाकी सगळ्यांचे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1979 मध्ये 1974 चा तो निकाल उचलून धरताना असंही स्पष्ट केलं की पन्नास टक्के ही वरची मर्यादा आहे. जमातीची गरज कमी असेल तर वाटाही कमी होऊ शकतो. आणि "बाकी सगळ्यांच्या" वाट्यात फक्त आपण गळवाले नसतो, व्यापारी बोटीही असतात. त्या अर्ध्यातलं बोटींना किती आणि गळाला किती, हे राज्याचं मत्स्य खातं ठरवतं. आपल्या ताटात कमी पडलं असेल तर वाढणाऱ्याला विचारायला हवं. शेजारच्या ताटावर डोळा ठेवून काय होणार?

शिवाय प्युजेट साउंडच्या, म्हणजे सिएटलला लागून असलेल्या खाडीच्या, नद्यांमधले बरेच चिनूक (सॅमनचीच एक जात) समुद्रातून परत येताना अलास्का आणि कॅनडाच्या किनाऱ्यावरच पकडले जातात. नदीतल्या जाळ्यापर्यंत मासा पोचतो तेव्हा रांगेतल्या बाकी सगळ्यांचं घेऊन झालेलं असतं. समुद्रातल्या बोटी पुलावरून दिसत नाहीत, जाळं मात्र दिसतं.

आता "बहाल केला" हे शब्द. माझा सगळ्यात जास्त आक्षेप यांनाच आहे.

1854 च्या डिसेंबरात, आजच्या ऑलिंपिया शहराजवळ मेडिसिन क्रीकच्या काठी गव्हर्नर आयझॅक स्टीव्हन्स यांनी निस्क्वाली, पुयालप आणि इतर जमातींशी करार केला. बोलणी चिनूक जार्गन नावाच्या, काही शे शब्दांच्या बाजारी बोलीत झाली. तीत "हक्क राखून ठेवणे" कसं सांगितलं असेल, याची आपण कल्पनाच करायची. जमातींनी अफाट जमीन दिली. बदल्यात 32,500 डॉलर, तेही वीस वर्षांच्या हप्त्यांनी, आणि राहायला जमिनीचे लहान तुकडे. एक गोष्ट मात्र त्यांनी सोडली नाही : आपल्या नेहमीच्या, वहिवाटीच्या जागी, तिथल्या नागरिकांच्या बरोबरीने मासे धरण्याचा हक्क. असेच करार पुढच्या वर्षी इतर जमातींशी झाले.

म्हणजे देणारे कोण आणि घेणारे कोण? घरातल्या थोरल्याने वाडा विकताना "परसातली विहीर आमची राहील, तुम्हीही पाणी भरा" असं कागदावर लिहून घ्यावं, आणि वाडा घेणाऱ्याच्या नातवाने पुढे "यांना फुकट पाणी कुणी बहाल केलं?" असं विचारावं, तशातला हा प्रकार. हे माझं मत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1905 मध्येच, याकामा जमातीच्या बाजूने दिलेल्या वायनन्स खटल्याच्या निकालात म्हटलं होतं की करार म्हणजे जमातींना दिलेले हक्क नव्हेत, जमातींनी दिलेले हक्क आहेत. जे दिलं नाही ते त्यांचंच राहिलं. मासेमारीच्या जागा त्यांना जवळजवळ श्वासाच्या हवेइतक्याच गरजेच्या होत्या, असंही त्याच निकालात आहे.

मग 1974 मध्ये काय झालं? त्याआधीची कित्येक दशकं राज्याने हा करार जवळपास कागदावरच ठेवला होता. जमातींच्या हाती लागणारा मासा पाच टक्क्यांच्या आसपास होता. निस्क्वालीचे बिली फ्रँक ज्युनियर यांना पहिली अटक झाली 1945 मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी, आपल्याच नदीत जाळं लावल्याबद्दल. पुढे पन्नासहून जास्त वेळा. साठच्या दशकात जमातींचे लोक जाणूनबुजून जाळी टाकून अटक करून घ्यायला लागले. आपल्याकडच्या मिठाच्या सत्याग्रहासारखंच ते मला वाटतं : जो हक्क आपला आहे तो उघडपणे वापरायचा आणि तुरुंगात जायचं. 1970 च्या सप्टेंबरात पुयालप नदीकाठच्या त्यांच्या तळावर पोलिसांनी अश्रुधूर सोडून धरपकड केली. त्यानंतर केंद्र सरकारनेच राज्यावर खटला भरला आणि 12 फेब्रुवारी 1974 रोजी न्यायाधीश जॉर्ज बोल्ट यांनी "बरोबरीने" या शब्दाचा अर्थ बरोबरीचा वाटा असा लावला. नवा हक्क त्यांनी दिला नाही. एकशेवीस वर्षं थकलेलं देणं त्यांनी वसूल करून दिलं.

इथे आम्हा गळवाल्यांचा एक जुना हिशेबही सांगायला हवा. स्टीलहेड हा मासा राज्याने हौशी गळासाठी राखून ठेवला होता. पुयालप नदीत त्यासाठी जाळ्याला पूर्ण बंदी. कागदावर नियम सगळ्यांना सारखा, पण जाळं लावणारे होते आदिवासी आणि गळ टाकणारे गोरे. सर्वोच्च न्यायालयाने 1973 मध्ये याला सरळ भेदभाव म्हटलं. म्हणजे एखाद्या माशाची सगळीच्या सगळी चढण एका गटाला देऊन टाकण्याचं काम झालं होतं खरं, पण तो गट आपला होता.

"वंशाच्या आधारावर" याला फार वेळ देत नाही. हा हक्क करार करणाऱ्या जमातीचा आहे, रक्ताचा नाही. ॲरिझोनातला नावाहो माणूस पुयालप नदीत या हक्काने जाळं टाकू शकत नाही. आणि जमातही फक्त आपल्या वहिवाटीच्या पाण्यातच धरू शकते. निस्क्वाली नदीत मासा आला नाही तर निस्क्वाली लोकांना स्कॅजिट नदीवर जाता येत नाही. मी मात्र गाडी काढून जातो. नदी वाचवण्याची गरज कुणाला जास्त, हे यावरून कळावं.

"करार जुन्या पद्धतीच्या मासेमारीचा होता, नायलॉनच्या जाळ्यांचा नाही", असंही कुणी खाली जोडतं. आपल्या हातात कार्बन फायबरचा रॉड आणि खिशात माशाचा ठाव सांगणारं यंत्र असताना हे म्हणवतं तरी कसं? जाळं काही गोऱ्यांनी आणलेलं नाही. ऑलिंपिक द्वीपकल्पावर होको नदीच्या मुखाशी चिखलात टिकून राहिलेलं सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचं जाळं सापडलं आहे, स्प्रूसच्या फांद्या चिरून विणलेलं. आपल्या कोळ्याने सुताची वावरी सोडून नायलॉनची घेतली म्हणून तो कोळी राहिला नाही, असं आपण म्हणतो का?

आणि आता मुख्य आरोप, नद्या रिकाम्या होण्याचा. मासा कमी झाला, हे खरंच. प्युजेट साउंडचा चिनूक 1999 पासून संकटग्रस्त प्रजातींच्या यादीत आहे. पण घसरण केव्हाची? कोलंबिया नदीवर सॅमन डब्यात भरण्याचा पहिला कारखाना 1866 चा. एल्व्हा नदीवरचं पहिलं धरण 1913 चं, माशांना वर जायला वाट न ठेवता बांधलेलं. दुसरं 1927 चं. नदीमुखाच्या दलदली बांध घालून शेतीखाली आणल्या गेल्या त्याही तेव्हाच्याच. हे सगळं 1974 च्या निकालाच्या कितीतरी आधीचं. जाळ्यांनी नद्या रिकाम्या केल्या असत्या, तर जमाती पाच टक्क्यांवर होत्या त्या काळात नद्या भरलेल्या असायला हव्या होत्या.

मासा कशाने मरतो ते मी एकदा डोळ्यांनी पाहिलं आहे. वेस्ट सिएटलमध्ये लाँगफेलो क्रीक नावाचा ओढा आहे, घरांच्या आणि रस्त्यांच्या मधून वाहणारा. नोव्हेंबरातला पाऊस नुकताच पडून गेला होता. गुडघाभर पाण्यात कोहो जातीच्या सॅमनची एक मादी गोल गोल फिरत होती, तोंड उघडून, पृष्ठभागाशी आ वासत. मध्येच कुशीवर कलंडायची, पुन्हा सरळ व्हायची. तासाभरात ती संपली. ओढ्यावर मोजणीला आलेल्या स्वयंसेवकाने तिचं पोट चिरून दाखवलं : नारिंगी अंडी गच्च भरलेली, एकही घातलेलं नव्हतं. लहानपणी चिपळूणकडे पहिल्या पावसात चढणीचे मासे मीही पकडले आहेत, त्यांच्या पोटातली गाबोळी कौतुकाने खाल्ली आहे. पण अंड्यांनी भरलेला मासा घरी पोचून असा वाया गेलेला कधी पाहिला नव्हता. याचं कारण 2020 च्या डिसेंबरात संशोधकांनी जाहीर केलं. टायर तडकू नये म्हणून रबरात एक रसायन घालतात. हवेतल्या ओझोनशी त्याचा संयोग होऊन जो पदार्थ बनतो, तो पावसाबरोबर रस्त्यावरून ओढ्यात जातो आणि कोहोला काही तासांत मारतो. माझ्या गाडीच्या टायरमध्येही ते रसायन आहे. त्याविरुद्ध 2023 मध्ये केंद्राच्या पर्यावरण संस्थेकडे अर्ज केला तो पुयालप, पोर्ट गॅम्बल स्क्लॅलम आणि कॅलिफोर्नियातल्या युरोक या जमातींनी.

मोऱ्यांचंही तेच. रस्त्याखालून ओढा नेताना राज्याने जागोजागी लोखंडी किंवा सिमेंटचे नळ टाकले. कित्येकांचं खालचं तोंड पाण्यापासून हातभर उंच लोंबकळतं, कित्येकांत पाण्याला इतकी ओढ असते की मासा चढू शकत नाही. वर मैलोन् मैल चांगला ओढा आणि खाली डोकं आपटणारा मासा. जमातींनी 2001 मध्ये दावा लावला की मासे धरण्याचा हक्क आहे तर मासा उरेल अशी वागणूकही राज्याने ठेवली पाहिजे. 2013 मध्ये न्यायालयाने शेकडो मोऱ्या बदलण्याचा आदेश दिला आणि 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयात 4 विरुद्ध 4 अशी मतं पडल्याने तो कायम राहिला. त्या मोऱ्यांतून वर जाणारा निम्मा पकडण्याजोगा मासा आपला आहे. त्यासाठी आपल्यापैकी कुणालाही कोर्टाची पायरी चढावी लागली नाही.

एल्व्हावरची दोन्ही धरणं 2011 ते 2014 या काळात पाडली गेली. त्यासाठी लोअर एल्व्हा क्लॅलम जमात कित्येक वर्षं झगडली. आणि नदी मोकळी झाल्यावर त्यांनी लगेच जाळी टाकली का? नाही. मासेमारी बंद ठेवली. 2023 च्या शरदात पहिल्यांदा, समारंभापुरते आणि घरच्या खाण्यापुरते थोडे कोहो धरले. ज्यांना आपण नदी ओरबाडणारे म्हणतो, त्यांनी स्वतःच्या दारातली नदी दहा वर्षांहून जास्त काळ तशीच राहू दिली.

गळवाल्यांची एक तक्रार मात्र मी झटकत नाही. हंगाम बंद होतो तेव्हा तो अचानक आणि धडपणे न सांगता बंद होतो. 2016 मध्ये राज्य आणि जमाती यांचं वेळेत जमलं नाही आणि मे महिन्यात प्युजेट साउंडमध्ये जवळपास सगळीकडे कुलूप लागलं. त्याच वर्षी स्कोकोमिश नदीवरची हौशी मासेमारी नदीपात्राच्या मालकीच्या वादातून बंद झाली आणि त्यापुढचे कित्येक हंगाम बंदच राहिली. तिथे वर्षानुवर्षं जाणाऱ्या लोकांचं दुःख खरं आहे, आणि वादात दोन्ही बाजूंना म्हणायला काहीतरी आहे. पण तो एका नदीच्या हद्दीचा वाद आहे. त्यावरून वीस जमातींचे करार रद्द करा म्हणणं, हे बांधाच्या भांडणावरून गाव उठवा म्हणण्यासारखं आहे.

हंगामाची वाटणी ठरते ती दर वर्षी मार्च-एप्रिलमध्ये. त्या काळात राज्याचं मत्स्य खातं लोकांसाठी खुल्या बैठका घेतं, काही ऑनलाइनही असतात. कुठल्या नदीत किती मासा अपेक्षित, वर किती सोडायचा, आपल्या अर्ध्यातला बोटींना किती आणि गळाला किती, हे सगळे आकडे तिथे मांडलेले असतात. मी गेल्या तीन वर्षांपासून जातो. येत्या मार्चमध्ये ज्यांना यायचं असेल त्यांनी मला कळवा, माझ्या गाडीत चार जणांची जागा आहे.