‘टायटॅनिक ही इतिहासातली सर्वांत मोठी जहाज दुर्घटना’ : एका फॉरवर्डला उत्तर

एप्रिलचा मध्य जवळ आला की व्हॉट्सॲपवर टायटॅनिकचा तोच मजकूर फिरू लागतो. सारांश असा : टायटॅनिक ही इतिहासातली सर्वांत मोठी जहाज दुर्घटना. त्याहून जास्त माणसं गेली असतील तर ती फक्त युद्धात. टायटॅनिकनंतर लाइफबोटींचे नियम कडक झाले आणि समुद्रप्रवास सुरक्षित झाला. आणि असे अपघात भर समुद्रात, निसर्गापुढे माणसाचं काही चालेनासं झालं की होतात.

यातलं एकही विधान जसंच्या तसं टिकत नाही. चूक नुसती आकड्यांची असती तर मी गप्प बसलो असतो, पण या मजकुरामुळे हजारो गोरगरिबांचं मरण नजरेआड होतं.

आधी ‘सर्वांत मोठी’ हा दावा पाहू. टायटॅनिकवर सुमारे १,५०० माणसं गेली. २० डिसेंबर १९८७ च्या रात्री फिलिपीन्समध्ये ‘डोन्या पाझ’ ही प्रवासी बोट ‘व्हेक्टर’ नावाच्या तेलवाहू जहाजावर आदळली आणि मृतांचा आकडा ४,३८६ वर गेला. जवळजवळ तिप्पट. तेव्हा युद्ध नव्हतं, वादळ नव्हतं, हिमनग तर नव्हताच. ताक्लोबानहून मनिलाला नाताळासाठी निघालेली साधी माणसं होती ती, आणि रात्रीचे साडेदहा वाजून गेल्यामुळे बहुतेकजण झोपेत होते. व्हेक्टरवर सुमारे ८,८०० पिंपं पेट्रोल आणि इतर इंधन होतं. धडकेबरोबर ते पेटलं आणि आग समुद्राच्या पाण्यावर पसरली. ज्यांनी उड्या मारल्या त्यांनी जळत्या पाण्यात उड्या मारल्या. लाइफ जॅकेटं कपाटांत कुलूपबंद होती, असं वाचलेल्यांनी सांगितलं. दोन्ही जहाजांवरचे मिळून २६ जण वाचले.

या घटनेतली एक गोष्ट मला फार अस्वस्थ करते. बोटीला १,५१८ प्रवाशांची परवानगी होती आणि अधिकृत यादीत प्रवासी होते १,४९३. म्हणजे कागदावर सगळं नियमात! प्रत्यक्षात एकेका खाटेवर तीन-तीन, चार-चार माणसं होती आणि जागा मिळेल तिथे, बोळांतसुद्धा, लोक आडवे झाले होते. हजारो माणसं कोणत्याच यादीत नव्हती. टायटॅनिकच्या प्रवाशांची नावं, वर्ग, तिकिटाचे दरसुद्धा आज सापडतात. डोन्या पाझवर नेमकं कोण कोण होतं हे शोधायला नातेवाइकांचे अर्ज आणि आठवणी गोळा कराव्या लागल्या. अपघाताची खबर अधिकाऱ्यांपर्यंत पोचायलाच सुमारे आठ तास गेले. पुढे चौकशीत निघालं की व्हेक्टरकडे चालू परवाना नव्हता, टेहळणीवर माणूस नव्हता आणि लायक कप्तानही नव्हता.

आता युद्धाची सबब. ३० जानेवारी १९४५ ला बाल्टिक समुद्रात सोव्हिएत पाणबुडीने ‘विल्हेल्म गुस्टलॉफ’ हे जर्मन जहाज बुडवलं. त्यात ९,००० च्या आसपास माणसं गेली असावीत, आणि त्यांतले बहुसंख्य पळून निघालेले निर्वासित होते, बायका आणि मुलं होती. युद्धात मेली म्हणून ती हिशेबातून वगळायची हे मला पटत नाही. पण वगळली तरी डोन्या पाझ उरतेच. आणि २६ सप्टेंबर २००२ ला बुडालेली सेनेगलची ‘ल जोला’ही उरते. ही फेरीबोट खलाशी धरून जेमतेम ५८० माणसांसाठी बांधलेली. झिगिंशोरहून डाकारला जाताना तीवर १,९०० च्या वर माणसं होती. गँबियाच्या किनाऱ्याजवळ वादळी वाऱ्यात ती काही मिनिटांत उलटली. मृतांचा अधिकृत आकडा १,८६३, वाचले ६४. बोटीवर सहाशेहून जास्त बायका होत्या. वाचली त्यांतली एक.

लाइफबोटींच्या नियमांबद्दल बोलायचं तर शिकागो नदीत बुडालेल्या ‘ईस्टलँड’ या प्रवासी बोटीची गोष्ट सांगावी लागते. टायटॅनिकनंतर ‘सगळ्यांना पुरतील इतक्या लाइफबोटी’ ही मागणी जोरात होती, कायदाही झाला. ईस्टलँड मुळातच डगमगती म्हणून बदनाम होती. जुलै १९१५ मध्ये तिच्यावर जादा लाइफबोटी आणि तराफे चढवले आणि वरचा भार आणखी वाढला. २४ जुलैच्या सकाळी एका कारखान्याच्या कामगारांची सहल निघायची होती, अडीच हजार माणसं चढली होती. धक्क्याला दोर बांधलेले असतानाच बोट कलली आणि आडवी झाली. नदीत पाणी होतं जेमतेम वीस फूट, काठ हाकेच्या अंतरावर, तरी ८४४ माणसं गेली. त्यांत २२ कुटुंबं अशी की मागे कुणीच राहिलं नाही. नियम चांगलाच होता, तो व्हायलाच हवा होता. पण हे वजन या बोटीला पेलेल का, हे तपासल्याशिवाय ते चढवलं गेलं.

‘भर समुद्रात’ या दाव्याचा निकाल ईस्टलँडनेच लावला. आणखी हवं असेल तर मिसिसिपी नदीतली ‘सुलताना’ आहे. २७ एप्रिल १८६५ ला मेम्फिसजवळ तिचे बॉयलर फुटले. परवानगी ३७६ जणांची, चढवले होते दोन हजारांच्या वर. त्यांत बहुतेक युद्धकैदेतून सुटून घरी निघालेले सैनिक, आणि एक हजाराहून जास्त मेले.

आणि निसर्गापुढे माणूस हतबल? आपली ‘रामदास’ बोटच घ्या. १७ जुलै १९४७, ऐन पावसाळा, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली भरगच्च बोट. काशाच्या खडकाजवळ लाटेने कलंडली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. लाट निसर्गाची होती हे खरं. पण बोटीवर वायरलेस नव्हता, त्यामुळे इतक्या जवळ असूनही मुंबईला पत्ता लागला नाही. कित्येकांना वाचवलं ते मासळी घेऊन मुंबईकडे निघालेल्या रेवसच्या कोळ्यांनी, तेही आपली मासळी पाण्यात टाकून देऊन. ‘टायटॅनिक’ हा शब्द पाठ असलेल्या कितीतरी मुंबईकर मुलांनी रामदासचं नाव ऐकलेलं नसतं, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

ही जुनी गोष्ट झाली म्हणावं, तर तसंही नाही. १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ला नौदलाची वेगवान बोट धडकली, १५ जण गेले. धडक दिली ती दुसऱ्या बोटीने, नीलकमलने नव्हे. पण नीलकमलला परवानगी होती ८४ प्रवासी आणि ६ खलाशांची, आणि तीवर शंभराहून जास्त माणसं होती.