एका जाहिरातीने निवडणूक फिरते? दावा तपासून पाहू

निवडणूक जवळ आली की एक मजकूर मोबाइलवर फिरू लागतो. शब्द थोडेफार बदलतात, दावा तोच असतो. १९६४ साली अमेरिकेत एका जाहिरातीने अख्खी निवडणूक फिरवली. माणूस स्तुती विसरतो, बदनामी विसरत नाही, म्हणून नकारात्मक जाहिरात हमखास चालते आणि हे संशोधनानेच सिद्ध झालंय. अशा जाहिरातींना वैतागून सामान्य मतदार घरी बसतो. तेव्हा ज्याला जिंकायचंय त्याने विरोधकावर तुटून पडावं, बाकी सगळं व्यर्थ.

हा मजकूर पुढे पाठवणारे बहुतेक जण राजकारणाला विटलेले, पण चांगल्या मनाचे लोक असतात. म्हणूनच त्याला मनापासून उत्तर द्यावंसं वाटतं. एकेक मुद्दा घेऊ.

१. 'एका जाहिरातीने निवडणूक फिरवली'

ही जाहिरात खरी आहे आणि आजही पाहिली तर अंगावर काटा येतो. एक लहान मुलगी फुलाची एकेक पाकळी तोडत आकडे मोजते, मोजताना चुकते. नऊपर्यंत येते तेवढ्यात एका पुरुषाचा रुक्ष आवाज दहापासून उलटे आकडे मोजू लागतो. कॅमेरा तिच्या डोळ्याच्या बाहुलीत शिरतो आणि शून्याला अणुस्फोट होतो. मग राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांचा आवाज येतो, की एकमेकांवर प्रेम करा, नाहीतर मरा. प्रतिस्पर्धी बॅरी गोल्डवॉटर यांचं नावही त्यात नाही. ७ सप्टेंबर १९६४ रोजी ही एक मिनिटाची जाहिरात पैसे भरून फक्त एकदा दाखवली गेली. पुढे बातम्यांनीच ती पुन्हापुन्हा दाखवली. जॉन्सन ६१ टक्के मतं घेऊन ५० पैकी ४४ राज्यांत जिंकले.

आता मजकुरात नसलेला भाग. जाहिरात येण्याच्या कितीतरी आधीपासून सर्वेक्षणांत जॉन्सन मोठ्या फरकाने पुढे होते. आधीचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या हत्येला वर्षही झालं नव्हतं आणि सहानुभूती त्यांच्या उत्तराधिकाऱ्याकडे होती. गोल्डवॉटर यांनी वंशभेदाला बंदी घालणाऱ्या नागरी हक्कांच्या कायद्याविरुद्ध मत दिलं होतं. अण्वस्त्रांबद्दल ते स्वतःच इतकं मोकळेपणाने बोलत, की त्यांच्याच पक्षातले मवाळ लोक धास्तावले होते. कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडली, आणि श्रेय कावळ्याला मिळालं. ही जाहिरात घडवणाऱ्यांपैकी टोनी श्वार्ट्झ यांचं स्वतःचं म्हणणंही असंच होतं, की जाहिरात माणसाच्या मनात बाहेरून काही घालत नाही, आत आधीच असलेलं जागं करते. म्हणजे ज्याच्या कामाचा दाखला दिला जातो, तोच दाव्याच्या बाजूने नाही.

अमेरिकेतच १९८८ साली राष्ट्राध्यक्षपदासाठी जॉर्ज बुश आणि मायकल ड्युकाकिस यांच्यात झालेल्या लढतीचंही तसंच. ड्युकाकिस गव्हर्नर असलेल्या राज्यात सुटीवर सोडलेल्या कैद्याच्या गुन्ह्यावरून केलेल्या, वंशद्वेषाला हात घालणाऱ्या त्या जाहिरातीने बुश यांना निवडून आणलं असं सांगतात. पण जुलैमध्ये सर्वेक्षणांत सतरा टक्के-अंकांनी मागे असलेले बुश पक्षाच्या ऑगस्टमधल्या अधिवेशनानंतर पुढे गेले होते. जाहिरात आली सप्टेंबरच्या उत्तरार्धात.

२. 'संशोधनानेच सिद्ध झालंय'

याबद्दल मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं, कारण संशोधन जवळजवळ उलट सांगतं. रिचर्ड लाऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली या विषयावरचे १११ अभ्यास एकत्र तपासले. नकारात्मक जाहिरात जास्त लक्षात राहते, इथवर मजकूर बरोबर आहे. पण ती देणाऱ्याला मतं मिळवून देते, याचा सातत्याने टिकणारा पुरावा त्यांना सापडला नाही. ज्याच्यावर हल्ला होतो त्याच्याबद्दलचं मत थोडं खाली येतं, आणि हल्ला करणाऱ्याबद्दलचंही येतं. लक्षात राहणं आणि मत बदलणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्या जाहिरातीचा राग येतो तीही लक्षात राहतेच की.

२०१६ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीतल्या ४९ जाहिराती सुमारे ३४,००० लोकांवर प्रयोग करून तपासल्या गेल्या. उमेदवाराबद्दलच्या मतात पडलेला सरासरी फरक पाच अंकांच्या मोजपट्टीवर ०.०५ इतका निघाला. जाहिरात हल्ल्याची की स्तुतीची, याने त्यात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. त्याआधी २००६ मध्ये टेक्ससच्या गव्हर्नरपदाच्या प्रचारात, कुठल्या भागात कधी जाहिराती दाखवायच्या हे चक्क चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवून परिणाम मोजला होता. परिणाम चांगलाच दिसला, पण आठवड्याभरात जवळजवळ विरून गेला.

३. 'हल्ला विरोधकालाच लागतो'

मजकुरात हे गृहीतच धरलेलं असतं. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात २००४ च्या जानेवारीत हॉवर्ड डीन आणि डिक गेपहार्ट हे राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी मागणारे एकाच पक्षाचे दोन इच्छुक एकमेकांवर जाहिरातींनी तुटून पडले. दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ! जॉन केरी पहिले आले, जॉन एडवर्ड्स दुसरे. आघाडीवर मानले जाणारे डीन तिसऱ्या क्रमांकावर गेले आणि चौथ्या क्रमांकाच्या गेपहार्ट यांनी दुसऱ्या दिवशी माघार घेतली. इटलीत २०१५ साली कावा दे तिरेनी या गावच्या महापौरपदाच्या तिरंगी लढतीत संशोधकांनी हेच प्रत्यक्ष प्रचारात आजमावलं. तिथेही फायदा झाला तो भांडणात नसलेल्या उमेदवाराचा.

कॅनडातली गोष्ट तर मला विसरता येत नाही. तिथले विरोधी पक्षनेते ज्याँ क्रेतिएँ यांच्या चेहऱ्याची एक बाजू लहानपणापासून अर्धांगाने वाकडी. १९९३ मध्ये सत्ताधारी पक्षाने त्यांच्या चेहऱ्याची जवळून घेतलेली छायाचित्रं दाखवून, हा पंतप्रधान शोभेल का, अशा सुराची जाहिरात केली. त्या पक्षाचेच उमेदवार संतापले आणि जाहिरात लगेच मागे घ्यावी लागली. हे व्यंग देवाने दिलंय आणि मी ते लहानपणीच स्वीकारलंय, एवढंच क्रेतिएँ शांतपणे म्हणाले. मागच्या निवडणुकीत १६९ जागा जिंकलेला तो पक्ष २ जागांवर आला. तो आधीच घसरत होता, त्यामुळे सगळा दोष त्या जाहिरातीचा म्हणणं म्हणजे वरचीच चूक उलट्या बाजूने करणं होईल. पण तिने त्यांना एकही मत मिळवून दिलं असेल असं मला वाटत नाही.

४. 'मतदार घरी बसतो'

नव्वदच्या दशकातल्या काही प्रयोगांत तसं दिसलं होतं. नंतरच्या १११ अभ्यासांच्या आढाव्यात मतदान घटत असल्याचं दिसलं नाही. २०२० ची अमेरिकी निवडणूक चिखलफेकीने भरलेली होती, आणि पात्र मतदारांपैकी सुमारे ६६ टक्के लोकांनी मतदान केलं. शंभराहून अधिक वर्षांतलं ते सर्वाधिक होतं. खरी झीज दुसरीकडे होते. सरकारवरचा विश्वास आणि आपल्या मताने काही घडतं ही भावना, दोन्ही थोडी कमी होतात. मला याची काळजी मतांच्या टक्क्यापेक्षा जास्त वाटते.

५. 'तुटून पडावं, बाकी सगळं व्यर्थ'

मग पक्ष यावर एवढा पैसा का ओततात? कारण २००० सालच्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत फ्लोरिडा राज्याचा निकाल अवघ्या ५३७ मतांनी लागला होता. लढत अशी काठावर असेल तर राईएवढा परिणामही मोलाचा ठरतो, आणि तो होणारच नाही असं कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

शिवाय काही वेळा हल्ला खरोखर लागू पडतो, हे मान्य केलंच पाहिजे. ब्राझीलमध्ये २०१४ च्या ऑगस्टमध्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या एका उमेदवाराचं विमान अपघातात निधन झालं आणि त्यांच्या जागी मरीना सिल्वा उभ्या राहिल्या. बघता बघता सर्वेक्षणांत त्या राष्ट्राध्यक्ष दिल्मा रूसेफ यांना हरवताना दिसू लागल्या. मध्यवर्ती बँकेला स्वायत्तता द्यावी, असं सिल्वा यांचं म्हणणं होतं. त्याने सत्ता बँकवाल्यांच्या हाती जाईल, असं सुचवणाऱ्या दिल्मांच्या जाहिरातीत एक कुटुंब जेवायला बसलेलं आणि पानातलं अन्न एकेक करून नाहीसं होत जाणारं, दुसरीकडे बैठकीत हसणारे बँकवाले. ५ ऑक्टोबरच्या पहिल्या फेरीत सिल्वा २१ टक्के मतांवर तिसऱ्या आल्या. दुसऱ्या फेरीत दिल्मांसमोर गेले ते आधी मागे पडलेले आएसिओ नेव्हेस.

पण ते कोणत्या परिस्थितीत घडलं ते बघा. सिल्वा यांचा पाठिंबा काही आठवड्यांत उभा राहिलेला, अजून न मुरलेला. त्यातच त्यांनी स्वतःच्या जाहीरनाम्यातला मजकूर बदलून धरसोडीचा आरोप ओढवून घेतला. आणि तिथे टीव्हीवरचा प्रचाराचा वेळ पक्षांच्या संसदेतल्या जागांच्या प्रमाणात वाटला जातो. प्रत्येक प्रसारणात दिल्मांना अकरा मिनिटांहून जास्त वेळ मिळत होता. सिल्वा यांना त्याच प्रसारणात जेमतेम दोन मिनिटं होती, आणि त्यातच आरोपांना उत्तर द्यायचं, स्वतःचा कार्यक्रमही सांगायचा.