मुलीचे नाव कार्डात नव्हते

गेल्या वर्षी पावसाळ्यात राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वार्षिक तपासणीसाठी आमच्या शाळेत आले होते. पहिलीतील एका मुलीच्या छातीवर स्टेथोस्कोप ठेवल्यावर पथकातील डॉक्टर नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबल्या. त्यांनी वर्गातला पंखा बंद करायला सांगितला, पुन्हा ऐकले आणि मला बाजूला बोलावून म्हणाल्या, "मॅडम, हिचा टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून घ्यावी लागेल." कोल्हापूरजवळच्या करवीर तालुक्यातील जिल्हा परिषदेच्या एका शाळेत मी मुख्याध्यापिका आहे. त्यानंतरच्या दोन महिन्यांत मी जे पाहिले, त्यातून माझे एक ठाम मत झाले आहे आणि ते आज सविस्तर मांडत आहे.

आठवड्याभरात निदान झाले. हृदयाच्या दोन कप्प्यांमधील पडद्याला जन्मतः छिद्र होते आणि ते आपोआप बुजण्याची आशा उरली नव्हती. असे हृदयदोष दुर्मीळ नाहीत. दर १००० जन्मांमागे साधारण ८ ते १० बाळांत जन्मजात हृदयदोष आढळतो आणि वेळेवर उपचार झाले तर त्यांतील बहुतेक मुले इतरांसारखीच वाढतात. मुलीचे वडील टेम्पोचालक आहेत आणि आई दुसऱ्यांच्या रानात भांगलणीला जाते. शस्त्रक्रिया महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून होईल, घरून पैसे घालावे लागणार नाहीत, असे मी स्वतः तिच्या आईला सांगितले होते. चार दिवसांनी ती शाळेच्या दारात येऊन उभी राहिली. "बाई, तिचं नाव रेशन कार्डात न्हाई म्हणून दवाखान्यातनं परत लावलंय. आता काय करायचं ओ?"

मी सांगितलेले खोटे नव्हते, हे आधी स्पष्ट करते. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने ८ जिल्ह्यांत सुरू झालेली ही योजना पुढच्या वर्षी राज्यभर गेली, २०१७ मध्ये तिला महात्मा फुल्यांचे नाव मिळाले आणि पुढे केंद्राची आयुष्मान भारत ही आरोग्य योजना तिला जोडली गेली. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने पिवळे, केशरी, शुभ्र अशा सर्व शिधापत्रिकाधारकांना तिचे दार उघडले, १३५६ उपचार ठरवले आणि प्रत्येक कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण दिले. कुटुंबाला हप्ता भरावा लागत नाही, रुग्णालयात मदतीला आरोग्यमित्र बसलेला असतो, औषधे आणि जेवण यांचाही त्यात समावेश आहे. एवढ्या मोठ्या लोकसंख्येला कवेत घेणारी योजना उभी करणे ही सोपी गोष्ट नाही आणि या योजनेमुळे वाचलेली माणसे माझ्या गावातच आहेत. माझी तक्रार तिच्या हेतूबद्दल नाही. ज्या दारातून मुलाला आत यावे लागते, त्या दाराबद्दल आहे.

ते दार म्हणजे शिधापत्रिका. ती धान्यासाठी बनली आहे, आणि घरात मूल जन्माला आल्यावर तिच्यात नाव चढवणे किती घरांना तातडीचे वाटते, हे ज्याने खेड्यात काम केले आहे त्याला सांगायला नको. शुभ्र कार्डावर धान्यच मिळत नसल्यामुळे ते पेटीच्या तळाशी पडून असते. पिवळ्या किंवा केशरी कार्डावर नाव चढवायला गेलेल्या माणसाला "इष्टांक संपला आहे", म्हणजे ठरलेली संख्या भरली आहे, असे ऐकावे लागते. अन्न सुरक्षा कायद्याखाली राज्यात धान्य मिळणाऱ्यांची संख्या सुमारे ७ कोटींवर बांधलेली आहे आणि ती २०११ च्या जनगणनेवरून ठरली. म्हणजे त्यानंतर जन्मलेल्या मुलाला धान्याच्या यादीत जागा मिळायची तर आधी कुणाचे तरी नाव कमी व्हावे लागते. हा इष्टांक धान्याचा आहे, आरोग्याचा नाही. कार्डात नाव असणे आणि त्या नावावर धान्य मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पण खिडकीसमोर उभ्या असलेल्या आईला हा फरक कोणी समजावून सांगत नाही. ती एकदा परत फिरते आणि पुढे कित्येक वर्षे त्या खिडकीकडे फिरकत नाही.

आमच्या विद्यार्थिनीच्या घरी गुंता आणखी मोठा होता. कार्ड आजोबांच्या नावावर होते आणि आजोबा वारून तीन वर्षे झाली होती. दोन्ही मुलगे वेगळे राहू लागले होते, पण कार्ड विभक्त झाले नव्हते. आईचे नाव अजून माहेरच्या कार्डात होते. जुने कार्ड ऑनलाइन झालेले नसल्यामुळे त्याला बारा अंकी क्रमांकच नव्हता. मुलीच्या नावापर्यंत पोहोचण्याआधी आजोबांचा मृत्यूदाखला, माहेरच्या तालुक्यातून नाव कमी केल्याचा दाखला, काकांची संमती, नवीन कार्ड आणि मग त्याची ऑनलाइन नोंद, एवढे सगळे व्हायचे होते. टेम्पो उभा ठेवून वडील पुरवठा शाखेत किती वेळा गेले, हे मी मोजले नाही. एकदा मीही त्यांच्याबरोबर गेले होते. तिथल्या लिपिकाने उर्मटपणा केला नाही, टाळाटाळही केली नाही. त्याच्यासमोरचा ढीगच तेवढा होता. नाव चढायला सात आठवडे लागले. त्या सात आठवड्यांत मुलीला दोनदा न्यूमोनिया झाला आणि दोन्ही वेळा खासगी दवाखान्याचे बिल व्याजाने काढलेल्या पैशांतून भरले गेले.

त्या काळात मला सतत एकच गोष्ट टोचत होती. हीच मुलगी जेव्हा माझ्या शाळेत प्रवेशाला आली, तेव्हा मी तिला कोणत्या कागदावरून घेतले? शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे आणि त्याचे कलम १४ सांगते की वयाचा पुरावा नाही म्हणून कोणत्याही मुलाला प्रवेश नाकारता येणार नाही. जून महिन्यात एखादे पालक हात हलवत आले तरी आम्ही मुलाला वर्गात बसवतो आणि कागद मागाहून गोळा करतो. कागद उशिरा आला म्हणून आजवर कोणत्याही शाळेचे नुकसान झाल्याचे मी ऐकलेले नाही. याच कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला आणि मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. मूल शाळेत आणण्याची जबाबदारी मुलाची नाही, मोठ्यांची आहे, हे त्यात गृहीत होते. मग सहा वर्षांच्या मुलीच्या हृदयाच्या शस्त्रक्रियेच्या वेळी तिच्या आजोबांच्या कार्डाची थकबाकी तिच्याकडून का वसूल केली जाते?

म्हणून माझे म्हणणे असे आहे की मुलाचे आरोग्य संरक्षण शिधापत्रिकेपासून सोडवून जन्मनोंदणीशी जोडले पाहिजे. जन्म आणि मृत्यू नोंदणी कायद्यात झालेली सुधारणा १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाली आहे. त्या तारखेनंतर जन्मलेल्या मुलाच्या शाळाप्रवेशापासून आधारपर्यंत जन्मदाखला हा एकच पुरावा पुरेसा मानायचा असे तिच्यात आहे आणि जन्मनोंदींची माहिती शिधापत्रिकेच्या यादीशी जोडण्याची मुभाही तिच्यात आहे. म्हणजे कायद्याची वाट मोकळी झालेली आहे. आज बहुतेक बाळंतपणे रुग्णालयात होतात, जन्म २१ दिवसांच्या आत कळवावा लागतो, गरोदरपणापासून आईची नोंद आशाताई आणि आरोग्यसेविका यांच्याकडे असते. शासनाला ज्या बाळाच्या जन्माची वार्ता आधीच लागलेली आहे, त्या बाळाने वडिलांच्या हाती अर्ज देऊन पुन्हा शासनाच्या दारात उभे राहावे, याला काय अर्थ आहे? जन्मदाखला निघाला की त्याच क्रमांकावर बाळाचे नाव योजनेच्या यादीत आपोआप चढावे आणि वयाच्या १८ वर्षांपर्यंत ते तिथून निघू नये. घर विभक्त होवो, वडील परगावी जावोत, कार्ड हरवो.

यावर कोणी म्हणेल की तान्ह्या बाळांसाठी सोय आहेच. खरे आहे, बाळाचे नाव कार्डात चढलेले नसले तरी जन्मदाखला आणि आईवडिलांचे कार्ड यांवर काम होते, आणि तातडीच्या रुग्णाला दूरध्वनीवरून मंजुरी घेऊन दाखल करून घेण्याची पद्धतही योजनेत आहे. पण या सोयींनाही आईवडिलांचे स्वतःचे कार्ड ठीकठाक असावे लागते, आणि नेमक्या ज्या घरांना योजनेची सर्वांत जास्त गरज असते, तिथे ते ठीकठाक नसते.

कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की आमच्या भागात बीडकडून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येतात. त्यांची मुले फडाच्या कडेला, पाचटाच्या खोपीत चार-पाच महिने काढतात. या मुलांना कोल्हापुरातल्या अंगीकृत, म्हणजे योजनेत सामील असलेल्या, रुग्णालयात उपचार घेण्याचा तितकाच अधिकार आहे जितका आमच्या गावच्या मुलांना, कारण कार्ड राज्यातल्या कुठल्याही जिल्ह्याचे असले तरी चालते. पण ते कार्ड गावाकडे म्हाताऱ्या आजीजवळ असते. दरवर्षी दोन-तीन मुले आमच्या शाळेत हंगामापुरती बसतात आणि त्यांच्या पालकांना योजनेचे नाव विचारले तर ते नुसते माझ्याकडे बघत राहतात. जन्मदाखल्यावर चालणारे संरक्षण असते तर मुलाबरोबर ते आपोआप फडापर्यंत आले असते.

ज्येष्ठांसाठी शासनाने हे करून दाखवले आहे. २०२४ च्या ऑक्टोबरअखेरीस ७० वर्षे पूर्ण केलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न न पाहता, आयुष्मान भारतमधून ५ लाखांचे संरक्षण सुरू झाले आणि जी कुटुंबे आधीच योजनेत होती, त्यांतील ज्येष्ठांना ती रक्कम स्वतंत्र मिळाली. माझ्या ऐंशी वर्षांच्या सासूबाईंचे कार्ड आधारवरून एका बैठकीत निघाले. मला त्याचा मनापासून आनंद झाला. वय हाच एकमेव निकष पुरेसा असू शकतो, हे त्यातून सिद्ध झाले आहे. मग तोच निकष आयुष्याच्या सुरुवातीच्या वर्षांनाही लावावा, एवढीच माझी मागणी आहे.

नाव चढल्यावरही सगळे सुटत नाही, हे मला ठाऊक आहे. आमच्या केंद्रातील, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातील, एका शाळेत टाइप १ मधुमेह असलेला मुलगा आहे. त्याला रोज इन्सुलिन लागते, साखर तपासण्याच्या पट्ट्या लागतात, आणि हा सगळा खर्च रुग्णालयात दाखल न होताच होतो. योजना मुख्यतः दाखल झालेल्या रुग्णासाठी असल्यामुळे त्याच्या घराला तिचा उपयोग त्याची प्रकृती बिघडली तरच होतो. मुलांच्या दीर्घ आजारांची बाह्यरुग्ण तपासणी आणि औषधे यांचा विचार स्वतंत्रपणे व्हायला हवा, आणि त्यावर माझ्याहून अधिक जाणणाऱ्या बालरोगतज्ज्ञांनी लिहावे अशी माझी विनंती आहे.

धोरण बदलेल तेव्हा बदलेल. तोपर्यंत शाळेला जे करता येते ते आम्ही सुरू केले आहे. आरोग्य पथक शाळेत येण्याच्या आधीच्या आठवड्यात आम्ही प्रत्येक मुलाच्या कार्डाची झेरॉक्स मागवतो आणि तीन गोष्टी पाहतो: मुलाचे नाव आहे का, कार्डाला बारा अंकी क्रमांक आहे का, आणि पाच वर्षे पूर्ण झालेल्या मुलाच्या आधारचे बोटांचे ठसे घेतले आहेत का. ही तिसरी गोष्ट पालकांना माहीतच नसते. पाच वर्षांच्या आत काढलेल्या बाल आधारमध्ये ठसे नसतात आणि सात वर्षांनंतरही ते दिले नाहीत तर आधार निष्क्रिय होऊ शकते. हे काम शिक्षकांच्या डोक्यावर आणखी एक ओझे आहे, असे माझ्या काही सहकाऱ्यांना वाटते आणि त्यांचे म्हणणे मी नाकारत नाही. पण मूल आजारी पडल्यानंतर हा शोध घेणे किती महाग पडते, ते मी पाहिले आहे. गावोगावच्या मुख्याध्यापकांनी, अंगणवाडीताईंनी आणि ग्रामपंचायत सदस्यांनी हे करून पाहावे. उपचारांबाबत अडचण असेल तर योजनेच्या १५५३८८ या क्रमांकावर विनामूल्य फोन करता येतो, हेही पालकांना लिहून द्यावे.

पहिली आणि दुसरीच्या वर्गांत कार्डात नाव नसलेली अकरा मुले निघाली. दिवाळीपर्यंत त्यांतील सात जणांची नावे चढली. तिघांचे अर्ज पुरवठा शाखेत आहेत. अकरावा मुलगा ऊसतोडीच्या टोळीबरोबर आलेला आहे; त्याच्या आजीने गावाकडून कार्डाचा फोटो शेजाऱ्याच्या मोबाईलवरून पाठवला, पण त्यात क्रमांकाची ओळ नीट वाचता येत नाही, म्हणून तो पुन्हा मागवला आहे.