तंबूचं कापड आणि मेणबत्ती

‘देव माणसांत राहतो’ हे चित्रांत कसं रंगवतात, यावरचा लेख मनापासून आवडला. फक्त त्यासाठी ढग, सोनेरी किरण आणि वरून झिरपणारा उजेड हवाच, हे त्यातलं म्हणणं मला पटत नाही. बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानात (१:१४) देवाचा शब्द माणूस झाला आणि त्याने आपल्यांत ‘वस्ती केली’ असं आपण वाचतो, त्या मूळ ग्रीक क्रियापदाचा अर्थ तंबू ठोकणं असा आहे. तंबू जमिनीवरच ठोकतात ना!

फ्रेंच चित्रकार जॉर्ज द ला तूरचं ‘सुतार योसेफ’ हे चित्र बघा, १६४०च्या दशकातलं, आता पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. म्हातारा योसेफ वाकून लाकडाला भोक पाडतोय, समोर लहानगा येशू मेणबत्ती धरून बसलाय. ज्योतीआड धरलेल्या हाताची बोटं आतून लालसर उजळलीत, नखांची कडसुद्धा दिसते. डोक्यामागे प्रभावळ नाही, देवदूत नाहीत. रात्री काम करणाऱ्या बापाला पोरगं उजेड दाखवतंय, बस्स. मी या चित्रापाशी किती वेळा परत गेले असेन!

मीही याच विषयावर तैलरंगात काम करते आहे. पहिल्या तीन चित्रांत उजेड वरूनच आला आणि खालची माणसं नुसती प्रेक्षक होऊन बसली. चौथ्यात तंबूच्या आत दिवा ठेवला. कापडासाठी गेरूवर पातळ पिवळ्याचे पारदर्शक थर देतेय, एक वाळला की दुसरा. फार सावकाश चाललंय, पण आतल्या माणसांचे चेहरे आता कुठे दिसायला लागलेत. लेखकाने पुढच्या भागात घरगुती प्रसंगांच्या चित्रांवरही जरूर लिहावं.