‘वपुः कृशत्वं’ आणि गरब्याआधीचे २१ दिवस

नवरात्र तीन आठवड्यांवर आली की बडोद्यात दरवर्षी कंबर बारीक करायचा एखादा मेसेज फिरतोच. यंदाचा जरा जास्तच फिरला. दांडिया बाजारापासून मांजलपूरपर्यंत मराठी मंडळांच्या ग्रुपवर आला, भिशीच्या ग्रुपवर आला, आणि परवा अकरावीतल्या भाचीच्या मोबाइलवरही दिसला. तिच्या वर्गातल्या सात मुलींनी खाली ‘उद्यापासून सुरू’ असं लिहून टाकलं होतं. मोठ्यांनी वाचून सोडून दिला असता तर गप्प बसता आलं असतं, आता नाही.

मेसेज थोडक्यात असा: गरब्याआधी २१ दिवसांचं योगव्रत करा. रोज १०८ सूर्यनमस्कार घाला. दिवसभर फक्त लिंबू-मधाचं पाणी आणि फळं घ्या. पोट सतत आत ओढून ठेवा, वरून ओढणी घट्ट बांधा. रोज सकाळी आरशासमोर फोटो काढून ग्रुपवर टाका, लाज वाटली की चरबी वितळते. पाळीतही खंड नको. कंबर ४ इंच उतरणारच, कारण हठयोगप्रदीपिका या जुन्या योगग्रंथात ‘वपुः कृशत्वं’, म्हणजे शरीर सडपातळ होणं, असं स्पष्ट लिहिलंय. वजन फार असेल तर आधी ते उतरवा, जाड शरीराला आसनं शोभत नाहीत. आणि शेवटी नेहमीचं, दहा जणींना पाठवा.

आधी त्या संस्कृत शब्दांचं बघू. शिकल्या-सवरलेल्या बायकांनी मान डोलावली ती त्यांच्यामुळेच.

श्लोक खरा आहे, तो नाकारत नाही. स्वात्मारामांच्या हठयोगप्रदीपिकेच्या दुसऱ्या उपदेशाच्या, म्हणजे अध्यायाच्या, शेवटी तो येतो: ‘वपुः कृशत्वं वदने प्रसन्नता नादस्फुटत्वं नयने सुनिर्मले। अरोगता बिन्दुजयोऽग्निदीपनं नाडीविशुद्धिर्हठसिद्धिलक्षणम्॥’ मेसेज लिहिणाऱ्यानं पहिले दोन शब्द उचलले आणि बाकीचा श्लोक तिथेच टाकला. उरलेल्यात काय आहे? चेहऱ्यावर प्रसन्नता, स्वच्छ आवाज, निर्मळ डोळे, रोग नसणं, अग्नी प्रदीप्त होणं. अग्नी प्रदीप्त म्हणजे सडकून भूक लागणं आणि खाल्लेलं पचणं. लिंबूपाण्यावर आठ दिवस काढलेल्या मुलीचा चेहरा ओढलेला असतो, डोळे खोल गेलेले असतात, आवाज बसलेला असतो आणि भूक मेलेली असते. म्हणजे एक लक्षण मिळवायला बाकीची घालवायची. शिवाय ही लक्षणं आहेत, साधना मुरल्यावर आपोआप दिसणारी. लक्षणालाच ध्येय करून त्याच्यामागे धावायचं असं त्या श्लोकात कुठेही नाही.

बरं, ग्रंथाचाच दाखला द्यायचा तर पहिला उपदेशही उघडावा. योगाचा नाश कशानं होतो याची सहा कारणं तिथे दिली आहेत: अत्याहार, प्रयास, प्रजल्प (फार बडबड), नियमाग्रह, जनसंग (माणसांची गर्दी) आणि लौल्य (चंचलपणा). पहिलंच कारण जास्त खाणं आहे, तेवढ्यापुरतं मेसेजवाल्याला खरं म्हणावं लागेल. पण दुसरंच कारण प्रयास, म्हणजे शरीर शिणवणारे कष्ट. चौथं नियमाग्रह, म्हणजे नियमांचा हट्ट. ब्रह्मानंदांच्या ज्योत्स्ना टीकेत नियमाग्रहाची उदाहरणं आहेत: पहाटे गार पाण्यानं अंघोळ, फक्त रात्रीचं जेवण, फलाहार. फलाहार! ज्या ग्रंथाच्या नावावर मुलींना २१ दिवस फळांवर ठेवायचं चाललंय, त्याच ग्रंथाचा टीकाकार फलाहाराचा हट्ट योग बुडवणाऱ्या गोष्टींत मोजतो. पुढे उपवास आणि कायाक्लेश टाळायला मूळ ग्रंथातच सांगितलंय.

मग खायचं काय? तेही तिथेच आहे. ‘सुस्निग्धमधुराहारश्चतुर्थांशविवर्जितः’: तुपानं स्निग्ध, गोडसर, रुचेल असं अन्न, आणि पोटाचा चौथा भाग रिकामा. पथ्याच्या यादीत गहू, तांदूळ, जव, दूध, तूप, लोणी, खडीसाखर, मध, मूग आहेत. आपल्या घरातलं मुगाचं वरण, भात, वर चमचाभर तूप हे शब्दशः त्या यादीत बसतं. मिताहार म्हणजे चौथा भाग सोडणं. तीन भाग सोडले तर त्याला मिताहार म्हणत नाहीत, उपासमार म्हणतात.

आता १०८चं. मिनिटाला दोन नमस्कार धरले तर पाऊण-एक तास झाला. साठ किलोच्या बाईचे त्यात ढोबळमानानं तीनशे ते चारशे उष्मांक खर्च होतील. २१ दिवसांचे सात-आठ हजार. एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७७०० उष्मांक. म्हणजे सगळं नेटकं पार पडलं तरी हिशेब एखाद्या किलोचा, आणि तोही सगळ्या अंगावरून थोडा थोडा. चरबी कुठून निघावी हे व्यायाम ठरवत नाही, त्यामुळे ४ इंच फक्त कमरेचे, हे शक्यच नाही. हां, पहिल्या चार-पाच दिवसांत काटा दीड-दोन किलो खाली येतो आणि चोळी सैल होते, हे खरंय. जेवण बंद केलं की यकृतात आणि स्नायूंत साठवलेली साखर संपते. तिच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरलेलं असतं, तेही निघून जातं. मीठ कमी, वायू कमी, आतडं रिकामं. सहाव्या दिवशी वरणभात खाल्ला की ते पाणी परत येतं, आणि मुलीला वाटतं आपणच कुठेतरी कमी पडलो. एवढ्या एका गैरसमजापायी पुन्हा उपाशी राहायला लागलेल्या मुली पुष्कळ आहेत.

आणि १०८मध्ये बिघडतं काय ते ऐका. बारा अंकांच्या नमस्कारात पाचव्यापासून आठव्यापर्यंत भार मनगटांवर असतो. नवशिक्या तळहाताच्या टाचेवर सगळं वजन टाकतात, बोटं नुसती पसरलेली राहतात. तिसऱ्या दिवशी मनगट दुखायला लागतं. तिशी-चाळिशीतले नमस्कार झाले की दंड दमतात. मग साष्टांग सावकाश उतरत नाही, अंग धपकन जमिनीवर पडतं आणि तिथूनच झटक्यानं भुजंगासन होतं. खांदे कानाला टेकलेले, कुल्हे ढिले, आणि सगळा बाक कमरेच्या शेवटच्या दोन मणक्यांवर. अश्वसंचालनात पुढचा गुडघा आत कलंडतो. पादहस्तासनात घाईनं खेचल्यामुळे मांडीच्या मागची शीर बैठकीच्या हाडाजवळ दुखावते, आणि ती दुखावली की महिनोन् महिने गाडीवर बसतानासुद्धा आठवण करून देते. असला पाय घेऊन गरबा खेळता येत नाही.

‘आमच्या आखाड्यात पोरं शेकड्यानं नमस्कार घालायची’ असं कुणी तरी म्हणेलच. घालायची. बडोद्यात जुम्मादादा व्यायाममंदिराची परंपरा आहे, इथे ते ऐकून माहीत नाही असं घर नाही. पण ती पोरं वर्षानुवर्षं वाढवत तिथवर पोचली, आणि त्यांच्यामागे दूध-तूप-बदामाचा खुराक होता. खुराक काढून टाकायचा आणि आकडा ठेवायचा, हे कुठल्याच आखाड्यात चाललं नसतं.

करायचेच असतील तर पहिला आठवडा तीन-चार. नंतर दर आठवड्याला दोन वाढवा. बारा नीट जमले की बहुतेकींना तेवढे पुरतात. श्वास नाकातून चालला पाहिजे, तोंड उघडलं की थांबायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचं पातेलं उचलताना मनगट कुरकुरलं तर त्या दिवशी निम्मेच.

पोट दिवसभर आत ओढून ठेवण्याला मेसेजमध्ये ‘उड्डियान’ या योगक्रियेचं नाव दिलंय. याची चीड येते, कारण उड्डियानाचा अभ्यास याच शहरात झाला. डभोईत जन्मलेले स्वामी कुवलयानंद जुम्मादादा व्यायाममंदिराच्या माणिकरावांकडे व्यायाम शिकले, मालसरच्या माधवदासजींकडे योग शिकले, आणि १९२४मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम काढण्याआधी बडोद्याच्या इस्पितळात उड्डियान आणि नौलीवर प्रयोग करत होते. नौलीत, म्हणजे पोटाचे स्नायू घुसळण्याच्या क्रियेत, आतड्यात जी पोकळी तयार होते तिला त्यांनी गुरूंचं नाव दिलं. त्या उड्डियानाची ही गत!

खरी क्रिया अशी. पोट रिकामं हवं. पायांत फूटभर अंतर, गुडघे किंचित वाकवून तळवे मांड्यांवर टेकवायचे. श्वास पूर्ण सोडायचा. मग घसा बंद ठेवून, हवा आत न घेता, छाती अशी फुलवायची जणू श्वास घेतोय. छाती आणि पोटाच्या मधला श्वासाचा पडदा वर चढतो आणि पोट आपसूक बरगड्यांखाली जातं. पाच सेकंद. आधी पोट सोडायचं, मग श्वास घ्यायचा. असं तीनदा, बस्स. पोटाचे स्नायू आवळून ते आत खेचलं तर ते उड्डियान नव्हेच. रक्तदाब, हृदयविकार, हर्निया, पोटात व्रण असेल तर, गरोदरपणात आणि पाळीत ते करायचं नाही. दिवसभर पोट आवळून बसलं की पडद्याला खाली उतरायला जागा राहत नाही, श्वास गळ्याजवळ वर-वर चालतो, संध्याकाळी मान आखडते. वरून ओढणी बांधली की जेवलेलं आंबट होऊन घशाशी येतं.

त्या ओढणीचा चांगला उपयोग सांगते, आणि त्यातच ‘जाड शरीराला आसनं शोभत नाहीत’ याचं उत्तर आहे. पतंजलींनी आसनाची व्याख्या ‘स्थिरसुखमासनम्’ एवढीच केली. शोभेचा शब्द त्यात नाही. आणि हठयोगप्रदीपिका तर म्हणते, तरुण, म्हातारा, अतिवृद्ध, आजारी, दुबळा, कुणीही अभ्यासानं सिद्धीला पोचतो. पश्चिमोत्तानासन, म्हणजे बसून पाय पसरून पुढे वाकणं, घ्या. चौघडी घोंगडीवर बसा, बैठक चार बोटं उंच होऊ द्या, म्हणजे कंबर मागे कोसळत नाही. पाय जुळवू नका, दोन्हींत कमरेएवढं अंतर ठेवा, पोटाला मध्ये जागा मिळते. मांड्यांचं मांस हातानं बाजूला सारून बैठकीचं हाड टेकवा. आता ओढणी तळपायांना अडकवून दोन टोकं धरा आणि छाती पुढे न्या. कपाळ गुडघ्याला लागलंच पाहिजे असं काही नाही. वज्रासनात पोटऱ्या आणि मांड्यांमध्ये उशी. बालासनात गुडघे फाकवून समोर तक्क्या. त्रिकोणासनात हात जमिनीऐवजी स्टुलावर. सर्वांगासनात छातीच्या भारानं गळा दबत असेल तर ते सोडाच, भिंतीला पाय लावून पडा. शवासनात गुडघ्यांखाली लोड. एवढं केलं की नव्वद किलोची बाईसुद्धा आसनात दहा श्वास निवांत राहते, आणि आसन म्हणजे तेवढंच.

‘आधी वजन उतरवा, मग या’ असं सांगणारा वर्ग असेल तर दुसरा शोधा.

आरशासमोरच्या फोटोंचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. ‘आधी’ आणि ‘नंतर’ असे दोन फोटो एकाच दिवसात काढता येतात. रात्री खारट खाऊन, पोक काढून, समोरच्या झगझगीत ट्यूबलाइटखाली पहिला. सकाळी उपाशीपोटी, श्वास सोडून, खिडकीच्या तिरप्या उजेडात, उंच कमरेच्या लेगिंगमध्ये दुसरा. मोबाइल कमरेच्या उंचीवर जवळ धरला की पोट मोठं दिसतं, दूर ठेवून टायमर लावला की लहान. अशा फोटोंशी सोळा वर्षांची मुलगी स्वतःला ताडून बघते. चित्रांचा असर किती खोल जातो याचं एक उदाहरण पुरेसं आहे. फिजी बेटांवरच्या एका भागात १९९५मध्ये टीव्ही आला. ॲन बेकर या संशोधिकेनं तिथल्या शाळकरी मुलींची तेव्हा आणि पुन्हा १९९८मध्ये पाहणी केली. वजनासाठी मुद्दाम उलटी काढणारी आधी एकही नव्हती, तीन वर्षांनी ११.३ टक्के होत्या. आणि तो भरल्या अंगाचं कौतुक करणारा समाज होता. टीव्ही निदान दिवाणखान्यात होता, हा मेसेज मुलीच्या उशाशी आहे.

लाजेनं चरबी वितळत नाही. लाजेनं मुली चोरून खातात आणि मग उलट्या काढतात.

आरशाऐवजी डोळे मिटून करा. एक आसन सोडलं की पुढच्याला लगेच जाऊ नका, तीन श्वास थांबून बघा: ऊब कुठे आली, ताण कुठे राहिला, श्वास पोटात उतरतोय की गळ्यात अडकलाय. शेवटी दहा मिनिटं शवासन, उजव्या पायाच्या अंगठ्यापासून एकेका अवयवावर लक्ष नेत. पोटापाशी आलं की बहुतेकींचं लक्ष घाईनं पुढे सरकतं. तिथेच थांबायचं, पोट श्वासाबरोबर वर-खाली होऊ द्यायचं. पहिले पंधरा दिवस नकोसं वाटतं. नंतर पोट हे दिसण्याची वस्तू न राहता श्वास घेणारा अवयव वाटायला लागतं. आठवड्याभरात शरीर आवडायला लागेल असं वचन मी देणार नाही. पण योगवर्गात कपडे खाली ओढत बसणारा हात हळूहळू सुटतो, तो रोज दिसतो.

राहिली पाळी. पाळीत उलटी आसनं आणि पोटाच्या क्रिया नकोत, साध्या चालण्याला आणि शवासनाला हरकत नाही. पण खरी काळजी वेगळी आहे: खाणं तोडून व्यायाम वाढवला की पाळीच थांबते. मुली खूश होतात, कटकट गेली म्हणून. ती शरीरानं खर्चाला लावलेली कात्री आहे, आणि हाडं भरायच्या वयात तीच कात्री हाडांवरही चालते. हात गार पडणं, केस मूठभर निघणं, पादहस्तासनातून उठताना अंधारी येणं, ही आधीची चिन्हं. घरात कुणी हा मेसेज पाळायला घेतला असेल तर आजच जेवायला बसवा, कमरेचा विषय न काढता. गरब्याला निघण्याआधी दोन तास पोळी-भाजी, वरणभात होऊ द्या. सलग तीन महिने पाळी चुकली तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे न्या, आणि मेसेज उघडून दाखवा: कुठल्या तारखेला सुरू केलं, दिवसाला काय खात होती, नमस्कार किती घालत होती. डॉक्टर हेच विचारतात, आणि मुली हेच लपवतात.