गाडी आडवी लावू नका, 112 लावा

गेल्या काही दिवसांपासून आमच्या भाऊबंदांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर, गावाच्या ग्रुपवर, एरंडोल-पारोळ्याकडच्या आणखी दोन-तीन ग्रुपवर एकच मेसेज फिरतोय. त्याचा मजकूर थोडक्यात असा: ‘हायवेवर दारू पिऊन गाडी चालवणारा दिसला तर 112 ला फोन करण्याची चूक करू नका. फोन करणाऱ्यालाच साक्षीदार करतात, कोर्टाच्या चकरा मारायला लावतात. समोरचा पिलेला निघाला नाही तर खोट्या तक्रारीबद्दल तीन वर्षं जेल. फोन लागतो मुंबईला, पोलीस येईस्तोवर गाडी धुळ्याला पोचते. त्यापेक्षा आपली गाडी आडवी लावा, चावी काढून घ्या, चार लोक जमवा, व्हिडिओ काढून व्हायरल करा. मात्र एखादी क्वार्टर घेतलेल्याला त्रास देऊ नका, तेवढी कायद्याला चालते.’

आमच्या आप्पांनी तो ‘महत्त्वाचे’ असं लिहून पुढे ढकलला, तेही मी सोडून दिलं असतं. पण त्याखाली माझ्या भाच्याने लिहिलं, ‘बरोबर आहे. मामा, आता असा कोणी दिसला की आडवीच लावतो.’ हा पोरगा जळगाव एमआयडीसीत सेकंड शिफ्ट करून रात्री मोटारसायकलने पाळधीवरून घरी येतो. म्हणून हे लिहितोय, आणि मेसेजचा क्रम सोडून सगळ्यात जीवघेण्या मुद्द्यापासून सुरुवात करतोय.

गाडी आडवी लावा म्हणे. कोणासमोर? ज्याला समोरचं नीट दिसत नाही असं तुम्हीच म्हणताय, त्याच्यासमोर! ताशी 80 किलोमीटरने येणारी गाडी एका सेकंदाला 22 मीटर कापते. शुद्धीतल्या माणसाचाही पाय ब्रेकवर पडायला सेकंद-दीड सेकंद जातो, म्हणजे ब्रेक लागण्याआधीच 30 मीटर संपलेले असतात. प्यायलेल्याला त्याहून उशीर लागतो. त्यात रावेर-सावद्याकडून केळी भरून निघालेला ट्रक असला तर ब्रेक दाबल्यावरही तो कुठे थांबेल सांगता येत नाही. आणि रात्री मोटारसायकल रस्त्यावर आडवी उभी केली की काय होतं, ते एकदा आपल्या अंगणात करून पाहा. हेडलाइट एका बाजूच्या शेतात, मागचा लाल दिवा दुसऱ्या बाजूच्या शेतात. येणाऱ्याला उजेड असा काही दिसतच नाही. दिसते ती काळी आडवी वस्तू, तीही अगदी जवळ आल्यावर. मागून येणाऱ्या एसटीला, रुग्णवाहिकेला, वऱ्हाडाच्या गाडीलाही तीच आडवी येते.

चावी काढून घ्या, हा त्याच्याही पुढचा शहाणपणा. चालत्या कारची चावी फिरवून इंजिन बंद केलं की स्टिअरिंग जड होतं, ब्रेकची मदत जाते. चावी पूर्ण निघाली तर पुष्कळ गाड्यांचं स्टिअरिंगच लॉक होतं. मागच्या सीटवर त्याची बायको-पोरं बसलेली असतील, याचा विचार मेसेज लिहिणाऱ्याने केलेला दिसत नाही.

आणि ‘चार लोक जमवा’? हे वाक्य खान्देशात कोणी लिहावं आणि खान्देशात कोणी पुढे पाठवावं, याचा मला खरोखर संताप येतो. 1 जुलै 2018 ला साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात पोरं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना ठेचून मारलं. ती अफवाही अशीच मोबाइलवरून फिरत होती. तिथेही लोकांना आपण गावाचं रक्षण करतोय असंच वाटत होतं. त्याला फार वर्षं झालेली नाहीत, आणि आपण पुन्हा ‘चार लोक जमवा’ लिहितोय.

शिवाय गाडी वाकडीतिकडी चालवणारा प्रत्येक जण प्यायलेलाच असतो असं नाही. मधुमेहाच्या रुग्णाची साखर एकदम उतरली की त्याची जीभ जड होते, घाम फुटतो, तो विचित्र वागतो, गाडी या कडेची त्या कडेला जाते. सलग दोन रात्री जागलेल्या ड्रायव्हरचंही तेच होतं. अशा माणसाला खाली ओढून चार लोकांनी धुतला तर? त्याला साखर हवी होती, दवाखाना हवा होता. आणि त्या चार जणांवर वाट अडवल्याचा आणि मारहाणीचा गुन्हा दाखल होईल, भारतीय न्याय संहितेची कलमं 126 आणि 115. तो माणूस खरोखर प्यायलेला होता, हे सांगूनही त्यातून सुटका नाही.

म्हणूनच फोनवर आपण निकाल द्यायचा नसतो. ‘ड्रायव्हर दारू प्यायलाय’ असं ठासून सांगायची गरजच नाही. ‘गाडी दोनदा दुभाजकाला घासली, दिवे बंद आहेत, एकदम उलट्या बाजूला गेली’ हे डोळ्यांनी पाहिलेलं सांगायचं. प्यायलाय की आजारी आहे ते पोलिसांचं यंत्र आणि डॉक्टर ठरवतील. 112 वर पोलीस, अग्निशमन आणि रुग्णवाहिका तिन्हींची सोय आहे, त्यामुळे दोन्हीपैकी काहीही निघालं तरी फोन वाया जात नाही.

हे एवढं कळलं की साक्षीदार आणि जेलची भीती बरीचशी गळून पडते. मोटार वाहन कायदा 1988 काढून कलम 185 आणि 202 ते 204 वाचा, चार कलमं आहेत. 185 प्रमाणे गुन्हा ठरतो तो 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडल्यावर. ते सापडतं श्वासाच्या यंत्रात किंवा रक्ताच्या तपासणीत. एरंडोलच्या रस्त्यावरून कोणाला काय वाटलं, त्यावर हा गुन्हा सिद्ध होत नाही. त्यामुळे प्यायलेल्या ड्रायव्हरची खबर देणाऱ्याला कोर्टात उभं करून पोलिसांना काही मिळायचं नाही. तुमच्या डोळ्यांदेखत अपघातच झाला, तर साक्षीला बोलावणं येऊ शकतं, हे मान्य. पण तिथेही 2019 च्या दुरुस्तीने कलम 134अ आलं आहे. जखमीला मदत करणाऱ्याला नाव-पत्ता सांगायची सक्ती पोलीस करू शकत नाहीत, दवाखानाही करू शकत नाही. ‘कसाले पडस रे त्या भानगडमा?’ (कशाला पडतोस त्या भानगडीत?) असं माझी आई अजून म्हणते. तिच्या काळात ते खरंही होतं. कायदा आता तिथे राहिलेला नाही.

व्हिडिओचाही निकाल याच कलमांत लागतो. 202 प्रमाणे गणवेशातल्या पोलिसासमोर गुन्हा घडत असेल तर तो वॉरंटशिवाय अटक करू शकतो, आणि अटकेनंतर दोन तासांत डॉक्टरी तपासणी झाली नाही तर त्या माणसाला सोडावं लागतं. कायदा तासांचा हिशेब करतो, कारण रक्तातली दारू तासागणिक उतरते. तुम्ही आज रात्री काढलेला व्हिडिओ परवा सगळ्या जिल्ह्यात फिरला तरी परवा त्याच्या रक्तात काय सापडणार? फोन त्याच क्षणी गेला तरच त्याचा उपयोग आहे.

खोट्या तक्रारीचं कलम आहे, नाही असं नाही. न्याय संहितेचं 217. पण शिक्षा तीन वर्षं नाही, जास्तीत जास्त एक वर्ष किंवा 10,000 रुपये दंड किंवा दोन्ही. आणि तीही खोटं आहे हे माहीत असून, कोणाला तरी त्रास व्हावा म्हणून सांगितलं असेल तर. प्रामाणिकपणे सांगितलं आणि माणूस शुद्धीत निघाला, तर तो गुन्हा नाही.

आता मेसेजमधली एक गोष्ट मला नाइलाजाने मान्य करावी लागते. 112 चा फोन खरंच आपल्या ठाण्यात लागत नाही. राज्याचे फोन नवी मुंबई आणि नागपूरच्या केंद्रांत घेतले जातात, तिथून जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाकडे आणि जवळच्या पोलीस गाडीकडे निरोप जातो. पलीकडच्या माणसाला आपली चौफुली कोणती आणि नाका कोणता हे कळत नाही. पोलीस गाडी कधी उशिरा येते, कधी गाठ पडतच नाही. पण मागून गाठणं हा एकच मार्ग नसतो, पुढच्या ठाण्याच्या गाडीलाही कळवता येतं. त्यासाठी सांगणाऱ्याने नीट सांगायला हवं. आधी जिल्हा आणि तालुका. मग दिशा: ‘एरंडोलहून पारोळ्याकडे’. बायपासने की गावातून. आत्ताच मागे पडलेला पेट्रोल पंप, टोल किंवा किलोमीटरचा दगड. गाडी कसली, रंग कोणता, नंबर पूर्ण दिसला नाही तर शेवटचे चार आकडे. आणि पुन्हा त्या नंबरवरून किंवा पोलिसांकडून फोन आला तर तो उचलायचा. स्वतः चालवत असाल तर आधी कडेला थांबा, किंवा मागे बसलेल्याला बोलू द्या, कारण हातात मोबाइल धरून गाडी चालवणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम 184 खालचा गुन्हा आहे. पाठलाग करू नका, ओव्हरटेक करू नका, अंतर वाढू द्या.

राहिली क्वार्टर. कायद्यात क्वार्टरला सूट कुठेच नाही. 180 मिलिलिटर व्हिस्कीत साधारण 60 ग्रॅम अल्कोहोल असतं. 70 किलोच्या माणसाच्या रक्तात ते 100 मिलिलिटरला 120 मिलिग्रॅमच्या आसपास जातं, म्हणजे मर्यादेच्या चौपट. ते तासाला 15 मिलिग्रॅमच्या बेताने उतरतं. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) किंवा शेतातल्या भरीत पार्टीत रात्री अकराला क्वार्टर संपवलेला माणूस पहाटे चारला दुधाची गाडी काढतो तेव्हाही तो 30 च्या वर असू शकतो. ताक, लिंबू, विलायचीने हे उतरत नाही. यंत्र तोंडाचा वास पाहत नाही, फुफ्फुसातून आलेल्या हवेतलं अल्कोहोल मोजतं.

आप्पा, तुम्ही हा मेसेज ज्या ज्या ग्रुपवर टाकलात तिथे ‘गाडी आडवी लावा आणि चावी काढा हे चुकीचं आहे, कोणी करू नका’ एवढं आजच तुमच्या नावाने लिहा. पोरं तुमचं ऐकतात. बाकीच्या मुद्द्यांवर घरी बसून बोलू.