मिनिटाला किती लिटर?

रात्रीचे साडेअकरा वाजलेत, पण हे लिहिल्याशिवाय झोप लागणार नाही.

आज एका क्लबच्या डिनरला एव्हरेस्ट करून आलेल्या गिर्यारोहकाचं भाषण होतं. क्लबचं नाव लिहीत नाही, कारण बहुतेक ठिकाणी हेच चालतं. कार्यक्रम साडेसातचा. दीपप्रज्वलन, परिचय, शाल-श्रीफळ, मागच्या महिन्याचा अहवाल, सभासदांचे वाढदिवस हे सगळं उरकून माईक त्याच्या हातात आला तेव्हा सव्वानऊ वाजले होते. मागे कॅटररची माणसं झाकणं उघडायला लागलेली. त्याने शिखरावरचा झेंड्याचा फोटो दाखवला, पटकन पुढे सरकवला आणि पिशवीतून ऑक्सिजनचा मास्क काढला. भाषण खरं तिथे सुरू झालं.

तेवढ्यात तिसऱ्या टेबलावरच्या एका काकांनी विचारलं, "मिनिटाला किती लिटर ठेवता?"

"चालताना दोन. अवघड जागी चार."

"आमच्याकडेही दोनच," काका म्हणाले. काकूंना घरी ऑक्सिजन लावावा लागतो, हे क्लबात सगळ्यांना माहीत आहे. ते पुढचं विचारणार तोच सूत्रसंचालक मध्ये पडला, "काका, टेक्निकल नको, जेवण थंड होतंय. सर, शेवटचा प्रश्न. वर पोचल्यावर काय वाटलं?"

टेक्निकल नको! अरे, शिखरावर चढायच्या रात्री माणूस जगतो की मरतो ते याच आकड्यावर ठरतं. नेहमीची बॉटल चार लिटरची, ३०० बार दाबाने, म्हणजे हवेच्या साधारण तीनशे पट दाबाने भरलेली. म्हणजे १,२०० लिटर ऑक्सिजन. मिनिटाला दोनने दहा तास, चारने पाच. साउथ कोलवरून, म्हणजे शिखराआधीच्या शेवटच्या कॅम्पवरून, रात्री निघून शिखर गाठून परत यायचं म्हणजे सोळा तास सहज जातात. दोनच्या हिशेबाने १,९२० लिटर. एक बॉटल पुरत नाही, दोन जेमतेम पुरतात, तिसरी अडीअडचणीला लागते. आता रांगेत दोन तास उभे राहा. मे २०१९ मधला शिखराखालच्या रांगेचा फोटो सगळ्यांनी फॉरवर्ड केला होता, आठवत असेल. त्या दोन तासांत एक पाऊल पुढे न टाकता २४० लिटर जातात, बॉटलचा पाचवा हिस्सा. काकांनी नेमका या हिशेबावर बोट ठेवलं होतं आणि आपण त्यांना गप्प केलं.

गेजचंही तेच. खाली ३०० दाखवणारा काटा उणे तीसमध्ये अडीचशेच्या आसपास येतो. गळती नसते, थंडीने दाब उतरलेला असतो. हे माहीत नसलेला माणूस घाबरतो. आणि उलट, बॉटल बदलताना आट्यांमध्ये बर्फाचा कण राहिला, रेग्युलेटर नीट बसला नाही, तर खरी गळती होते आणि वाऱ्याच्या आवाजात ती सूं ऐकूसुद्धा येत नाही. म्हणून बॉटल जोडल्यावर काटा एकदा बघायचा आणि थोड्या वेळाने पुन्हा बघायचा. शेर्पाने दिली म्हणून न बघता पाठीवर घ्यायची नाही.

आणि तो मास्क. दोन लिटर म्हणजे सगळा श्वास नव्हे. बाकीची हवा बाहेरूनच येते आणि मास्कमध्ये मिसळते. आपल्याच श्वासातली वाफ झडपेवर गोठते, बाहेरची हवा येण्याची वाट बुजते. बॉटल भरलेली असते तरी जीव गुदमरतो, माणूस मास्क ओरबाडून काढतो, आणि तिथे चूक होते. करायचं एवढंच असतं की ग्लोव्हज न काढता मास्क बाहेरून दाबायचा, आतला बर्फ कडकड फुटू द्यायचा. पाहुणा हे दाखवायला अंगठा ठेवतच होता तेव्हा "जेवण लागलंय" झालं.

मान्य आहे, मधुमेह असलेल्यांना वेळेवर खायला लागतं, कॅटररचेही तास ठरलेले असतात. मग सत्कार जेवणानंतर ठेवा ना!

आपल्याकडे सुरेंद्र चव्हाण १९९८ मध्ये एव्हरेस्टवर पोचले, त्यानंतर कितीतरी मराठी मुलंमुली जाऊन आली. त्यांना बोलावतो कोण? आपणच. आणि विचारतो काय? "काय वाटलं?" आज एकाने तर "ऑक्सिजनशिवाय नाही गेलात?" असं तोंड वाकडं करून विचारलं. मेसनर आणि हाबेलर हे दोन गिर्यारोहक १९७८ मध्ये एव्हरेस्टवर गेले विनाऑक्सिजन, खरं आहे. पण ज्याला बॉटल किती तास चालते हे ऐकायचं नाही, त्याने हे विचारू नये.

डिनरचा हा रोग जुनाच म्हणा. न्यूयॉर्कच्या एक्सप्लोरर्स क्लबच्या जानेवारी १९५१ च्या मेजवानीत प्रागैतिहासिक प्राण्याचं मांस वाढल्याची गोष्ट इतकी वर्षं सांगितली गेली. जपून ठेवलेल्या तुकड्याची डीएनए तपासणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली, तो समुद्री कासवाचा निघाला. त्या रात्री व्यासपीठावरून कोण काय बोललं, हे कुणी सांगत नाही. ताट तेवढं लक्षात राहिलं.

पुढच्या वेळी एवढं करा. भाषण सातला, चाळीस मिनिटं, तोपर्यंत वाढप बंद. कॉलर माईक द्या, कारण हातात सामान धरून दाखवायचं असतं. पुढे एक रिकामं टेबल ठेवा, मास्क, क्रॅम्पॉन (बुटाखाली लावायचे खिळे), स्टोव्ह लोकांना हाताळू द्या. बर्फ वितळवण्याबद्दल विचारा. कोरडा बर्फ तापल्या भांड्यात टाकला तर तळ करपतो, म्हणून आधी तळाशी घोटभर पाणी ठेवावं लागतं. साउथ कोलवर पाणी पंचाहत्तर अंशांच्या आसपासच उकळतं. स्वयंपाक करणाऱ्या प्रत्येकाला यात रस वाटेल. आणि मानधन द्या, शाल नको. अंटार्क्टिकाच्या मोहिमा काढणाऱ्या शॅकल्टनसारख्या माणसाला कर्ज डोक्यावर असताना लंडनच्या फिलहार्मोनिक हॉलमध्ये १९१९-२० साली दिवसातून दोनदा तीच मोहीम सांगत उभं राहावं लागलं होतं. मोहिमांची कर्जं आजही तशीच असतात.

सूत्रसंचालक मुलगा वाईट नाही. नंतर त्यानेच पाहुण्याचं ताट आणून दिलं, आग्रहाने वाढलं. चिडून लिहायला बसले होते, त्याच्यावरचा राग एव्हाना उतरलाय.

कारण निघताना पाहिलं, काका पाहुण्याच्या शेजारी जाऊन बसले होते. कागदी रुमालावर पेनने दोन हिशेब मांडलेले. एकीकडे चार गुणिले तीनशे, दहा तास. दुसरीकडे काकांच्या अक्षरात, घरचा सिलेंडर, दहा गुणिले दीडशे, १,५०० लिटर, साडेबारा तास. दोघांची ताटं तशीच होती.

"झडप गोठली हे कळतं कसं?" काकांनी विचारलं.

त्याने मास्क उचलून त्यांच्या हातात दिला, त्यांचा अंगठा धरला आणि नेमक्या जागी ठेवला. "इथे दाबा."